बघूकाकांनी ठरवलं

बघूकाकांचं खरं नाव कामाच्या ठिकाणी फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना बघूकाका म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं मिळवलेलं होतं. काका, चहा घेणार? बघू. काका, उद्या रजा टाकताय का? बघू. खिडकी लावू की उघडी राहू दे? बघू. त्या ‘बघू’त नकार नसायचा आणि होकारही नसायचा. विचारणारा शेवटी कंटाळून स्वतःच काय ते ठरवायचा आणि काका ते निमूट मान्य करायचे. चहा आला तर प्यायचे, नाही आला तर नाही.

यामागे काहीतरी मोठं कारण असणार, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाप फार कडक असेल, लहानपणी कशाची तरी भीती बसली असेल. तसलं काही नव्हतं. बाप मवाळ होता आणि घरात कोणी कोणावर ओरडत नसे. एवढंच की दोन गोष्टी समोर आल्या की काकांना दोन्हींचे तोटे आधी दिसायचे, आणि फायदे दिसेपर्यंत दुकान बंद झालेलं असायचं.

लग्नसुद्धा काकूंनी ठरवलं. काकू तेव्हा एका शिंप्याच्या दुकानात कामाला होत्या आणि काका एक लांब झालेली पँट घेऊन तिथे गेले होते.

“किती कमी करायची?” काकूंनी विचारलं.

“बघू.”

“मी बघते. तुम्ही फक्त सरळ उभे राहा.”

पँट बरोब्बर बसली. त्यानंतर काका काही ना काही घेऊन येतच राहिले. कधी शर्टाचं बटण, कधी खिशाची शिवण, आणि एकदा तर काहीही न फाटलेलं जाकीट. काही महिन्यांनी काकूंनी जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं.

“हे बघा, तुम्ही मला विचारणार आहात की मीच विचारू?”

“ब—”

“आणि बघू म्हणालात तर माझ्या हातात कात्री आहे.”

तेव्हापासून घरातली कात्री काकूंच्याच हातात राहिली. कुठलं घर घ्यायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, काकांची आई थकल्यावर तिची खाट कुठल्या खोलीत टाकायची, पडदे कुठल्या रंगाचे, सगळं त्या ठरवायच्या. कापडावर खडूची रेघ मारावी आणि कापायला लागावं, इतक्या झटपट. चुकायच्याही. चुकल्या की दोन दिवस घुमेपणानं वावरायच्या, मग तो विषय बंद. काका त्यांच्या मागे मागे असायचे, पिशव्या उचलत. मुलगी मोठी झाल्यावर चेष्टेनं म्हणायची, आमच्या घरात सरकार आईचं आणि बाबा कायमचे विरोधी पक्षात, पण तेही मतदानाला गैरहजर.

काकांची नोकरी होती माकडांकडे. गावाबाहेरच्या विद्यापीठामागे एक संशोधन केंद्र होतं. लांबलचक बैठी इमारत, मागे जाळीची मोठी आवारं. सकाळी जाऊन कड्या काढायच्या, पाइपानं फरशा धुवायच्या, खाणं द्यायचं, कोण जेवलं, कोण तोंड फिरवून बसलंय, कोणाची विष्ठा पातळ झालीय, हे पाहायचं. जंतुनाशकाचा वास काकांच्या अंगाला असा बसला होता की सुट्टीच्या दिवशीही बसमध्ये शेजारी बसलेला माणूस नाक पुसायचा. एकदा त्यांना सगळ्या कामगारांचा मुख्य व्हाल का, असं विचारलं होतं. काका बघू म्हणाले. त्यांचं बघून होईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसून तिची गादीही दबली होती. काकांना वाईट वाटलं नाही. माकडं बरी, ती काही विचारत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

मग तिथे मॅडम आल्या. सडपातळ बाई, केस सदानकदा क्लिपमधून निसटलेले, दुपारचं जेवण म्हणजे उभ्या उभ्या दोन बिस्किटं. पुढे काय निघेल हे माहीत नसताना प्राणी निवड कशी करतो, हा त्यांचा विषय. म्हणजे एका डब्यात हमखास एक फोड आहे, दुसऱ्यात कधी तीन आहेत तर कधी काहीच नाही. माकड कुठला डबा उघडेल? आणि का उघडेल? असलं सगळं. मॅडम काकांना ‘काका’ म्हणायच्या, बूट काढून पाय चोळत त्यांच्याशी बोलत बसायच्या, आणि काकांच्या बघूवर कधी हसायच्या नाहीत. तो त्यांना अभ्यासाचाच भाग वाटत असावा.

त्यांचा एक प्रयोग होता दोन अ‍ॅप्रनचा. आवाराच्या एका बाजूला निळा अ‍ॅप्रन घातलेला माणूस उभा राहायचा, दुसऱ्या बाजूला पिवळा. निळा माणूस सफरचंदाची एक फोड दाखवायचा आणि मध्येच कधी कधी देताना एक जास्त द्यायचा. पिवळा माणूस दोन फोडी दाखवायचा आणि कधी कधी देताना त्यातली एक काढून घ्यायचा. शेवटी दोघांकडून मिळायचं सारखंच. पिवळा अ‍ॅप्रन काकांना मिळाला, कारण त्यांचा चेहरा देतानाही तसाच असायचा आणि घेतानाही तसाच.

थोड्याच दिवसांत माकडं काकांकडे फिरकेनाशी झाली. ज्यांना त्यांनी हातानं औषधं पाजली होती ती निळ्याकडे धावायची. निळा म्हणजे नुकताच आलेला एक विद्यार्थी, त्याला माकडांची नावंही धड येत नव्हती. एक म्हातारी माकडीण होती, ती रोज जाळीला पाठ टेकवून काकांकडून खाजवून घ्यायची. तीही अ‍ॅप्रन पाहिला की तोंड फिरवायला लागली. काका मनाला लावून घेणाऱ्यातले नव्हते, पण हे त्यांना लागलं.

“मॅडम, हिशोब तर सारखाच आहे ना?”

“अगदी सारखा.”

“मग माझ्यावर का राग?”

मॅडमनी क्लिप काढून पुन्हा लावली. “कारण तुम्ही दाखवलेलं काढून घेता. मिळालेल्याचा आनंद होतो त्याहून गेलेल्याचं दुःख मोठं. यांचंही तसंच आणि आपलंही तसंच. बहुतेक हे आपल्याला फार जुन्या काळापासून आलं असावं, माणूस माणूस व्हायच्याही आधीपासून. तेव्हा दुप्पट खायला मिळालं म्हणून कोणी दुप्पट जगत नव्हतं. पण हातातलं गेलं तर तो दिवस शेवटचा ठरू शकत होता. झुडूप हललं, तर वारा आहे की जनावर आहे? बघत बसलेल्यांपैकी काही वाचले, काही नाही. पळालेले बहुतेक वाचले. वारा असला तरी त्यांचं फक्त पळणं वाया गेलं. काका, आपण सगळे त्या घाबरलेल्यांची नातवंडं आहोत.”

काकांनी हे घरी जाऊन सांगितलं. काकू शिवणयंत्रावर वाकलेल्या होत्या. “म्हणजे तुमच्या घराण्याचा दोष नाही, सगळ्यांच्याच घराण्याचा आहे,” त्या म्हणाल्या. “बरं झालं कळलं. इतकी वर्षं मी तुमच्या आईला मनातल्या मनात बोल लावत होते.”

त्याच सुमारास काकूंच्या बोटांचं सुरू झालं.

आधी टाचण्या पडायला लागल्या. मग सुई बोटात रुतली तरी कळेना. कापडावर डाग दिसला की कळायचं. काकूंनी चष्मा बदलला, दिवा बदलला, यंत्राला तेल घातलं. बोटांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. एक दिवस जिन्यात पाय अडखळला आणि त्या कठड्याला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. काका मागे पिशव्या घेऊन उभे. “काही नाही,” काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून काकांना कळलं की काहीतरी आहे.

तपासण्या झाल्या. मानेत, मज्जारज्जूला चिकटून एक गाठ होती. वाईट जातीची नव्हती, पण वाईट जागेची होती. ती हळूहळू वाढत होती आणि वाढताना नसा दाबत होती. तिला तशीच राहू दिली तर बोटं आधी जातील, मग हात, मग पाय. किती वर्षांत, ते कोणी सांगू शकत नव्हतं. काढायला गेलं तर मज्जारज्जूच्या अंगावरून चाकू न्यायचा.

पहिल्या दिवशी भेटला तो तरुण डॉक्टर. पडद्यावरची चित्रं दाखवत, मोकळेपणानं बोलणारा. “दहातल्या आठ जणांना चांगला फायदा होतो,” तो म्हणाला. काकू दवाखान्याचा जिना उतरता उतरता म्हणाल्या, “करून टाकू.” झालं, ठरलं. काकांचा जीव भांड्यात पडला, नेहमीसारखा.

पुढच्या भेटीला मोठे सर्जन होते. पांढऱ्या भुवयांचे, सावकाश बोलणारे. “मी आधी वाईट सांगतो,” ते म्हणाले. “दहातल्या दोघांचं आहे तेवढंही राहत नाही. उठून बसतासुद्धा येत नाही कधी कधी. हे ऐकूनच पुढचं ठरवा.” काकूंनी हातातला रुमाल घट्ट धरला. दोघं बसनं घरी निघाले. आपला थांबा जवळ आल्यावर म्हणाल्या, “नको बाई. आहे ते बरं आहे.”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. एक दुकानदार शटर अर्धं खाली ओढून आत काहीतरी शोधत होता. काकांच्या मनात एकदम आलं, अरे, हे तर निळा आणि पिवळा.

“अगं, दोघांनी एकच सांगितलं,” ते म्हणाले. “आठ चांगले म्हणजेच दोन वाईट. त्यानं एक दाखवून वर एक दिली, आणि यानं दोन दाखवून एक काढून घेतली.”

काकूंना अ‍ॅप्रनची गोष्ट माहीत होती. त्यांनी काकांकडे वळून पाहिलं. “म्हणजे मी माकड?”

“आपण दोघंही.”

काकू हसल्या. खूप दिवसांनी हसल्या, आणि हसता हसता दमल्या. “बरं. मग आता खरं कुठलं धरायचं?”

“दोन्ही खरंच आहे.”

“त्यानं काय उपयोग?”

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायला स्टूल ओढलं, बसल्या, आणि चपला न काढताच तशाच बसून राहिल्या. काका पाणी घेऊन आले.

“ऐका,” काकू म्हणाल्या. “या वेळी तुम्ही ठरवा.”

“मी?”

“हो, तुम्ही. इतकी वर्षं मीच ठरवत आले. बरोबर आलं तर घराचं आणि चुकलं तर माझं. मी तक्रार करत नाहीये, मलाच ती हौस होती. पण आता नाही होत माझ्यानं. मी दमले हो.”

काकांच्या तोंडावर त्यांचा तो शब्द आला होता. काकूंनी हात वर केला. बोटं पुरती सरळ होत नव्हती. “तेवढं सोडून काहीही बोला.”

काकांनी वाकून त्यांच्या चपला काढल्या.

पुढचे आठवडे कसे गेले ते काकांना नंतर नीट आठवायचं नाही. ते कामावर जात होते, फरशा धुवत होते, परत येत होते. झोप लागायची पण झोपल्यासारखं वाटायचं नाही. मुलगी दुसऱ्या शहरात होती, ती रोज फोन करायची. तिनं बरंच काही वाचून काढलं होतं आणि त्यामुळे ती रोज वेगळं बोलायची. सोमवारी म्हणायची, करा. गुरुवारी म्हणायची, थांबा, आणखी एकाला विचारू. मग रडायची आणि म्हणायची, “बाबा, तुम्ही काहीतरी म्हणा ना. आई तुमच्यासाठी थांबलीय.” काकांना वाटायचं, माणूस थांबतो, पण ती गाठ कुठे थांबलीय?

त्यांनी जो भेटेल त्याला विचारलं. औषधाच्या दुकानात विचारलं, बसच्या रांगेत विचारलं. एका बाईनं सांगितलं की तिचा दीर आठवड्यात चालायला लागला. केंद्रातला पहारेकरी म्हणाला, त्याच्या ओळखीतला एकजण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेला. काका त्या दोघांना मनात समोरासमोर बसवायचे, आणि दर वेळी टेबलावर गेलेला माणूस जिंकायचा. दीर चालत चालत कुठल्या कुठे निघून जायचा.

शेवटी ते मॅडमकडे गेले. दुपार होती, मॅडम मागच्या व्हरांड्यात उपड्या टोपलीवर बसून बिस्किट खात होत्या.

“तुमच्या शास्त्रात याचं काही उत्तर असेल का, मॅडम?”

मॅडमना काकूंच्या गाठीचं सगळं माहीत होतं. त्यांनी बिस्किट खाली ठेवलं. “नाही, काका. आपण घाबरतो का, ते मी थोडंफार सांगू शकते. कशाला घाबरावं ते नाही सांगू शकत.”

काका उभेच राहिले. जायला पाय निघेना.

“एक सांगते,” मॅडम म्हणाल्या, “पण ते काकूंना लावायचं की नाही, ते तुम्ही बघा. कडक थंडीच्या मुलखात एवढीएवढीशी पाखरं असतात. त्यांना दिवसभरात इतकं खावं लागतं की रात्र निघेल. त्यांच्यापुढे दोन झाडं ठेवली. एकावर हमखास थोडे दाणे, दुसऱ्यावर कधी भरपूर तर कधी काहीच नाही. तर ज्या पाखराला हमखासचे थोडे दाणे रात्रीला पुरणार असतात, ते तिथेच राहतं. त्याचं बरोबरच आहे. पण थंडी वाढली आणि तेवढे दाणे पुरणार नसतील, तर तेच पाखरू दुसऱ्या झाडावर जातं. ते शूर नसतं. त्याच्यासाठी हमखास म्हणजे हमखास मरण असतं, एवढंच.”

“आणि पुरणार की नाही, ते त्याला कसं कळतं?”

“त्याच्या पोटाला कळतं.”

“माणसाच्या?”

मॅडम थकल्यासारख्या हसल्या. “माझ्या वडिलांच्या वेळी मला नव्हतं कळलं. आम्ही काही केलं नाही. ते बरोबर होतं की चूक, मला आजही माहीत नाही, आणि मी हेच शिकवते.” त्यांनी बिस्किटाचा उरलेला तुकडा उचलला आणि तसाच परत ठेवला.

काका घरी गेले. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, पण त्यांनी पाहायला सुरुवात केली. आजवर ते काकूंच्या मागून चालत आले होते. आता त्यांनी पहिल्यांदा समोर बसून पाहिलं. काकू शेजारणीच्या स्कर्टचं काम परवा करते म्हणून सांगत होत्या, आणि तो स्कर्ट कपाटात तळाशी गेला होता. चहाचा कप त्या दोन्ही तळव्यांत धरत होत्या, थंडीचं निमित्त करून. आंघोळीला आत गेल्या की फार वेळ लागत होता, आणि आतून मध्येच काहीतरी खाली पडल्याचा आवाज यायचा. काका दाराशी जायचे आणि दार न वाजवता परत यायचे.

एका सुट्टीच्या सकाळी काकू स्वेटरच्या बटणांशी झटत होत्या. काका पुढे झाले आणि बटणं लावायला लागले.

“वरखाली लावलंत,” काकू म्हणाल्या.

काकांनी सगळी काढली आणि खालून पुन्हा सुरुवात केली.

“एक विचारू? एवढं तुला पुरेल का?”

“काय एवढं?”

“हे. आज आहे तेवढं. आणि दर वर्षी यातून थोडं थोडं कमी.”

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही परत मलाच ठरवायला लावताय.”

“नाही. ठरवणार मीच. पण माप तुझं लागेल.”

हे मात्र त्यांना पटलं असावं. त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि खिडकीकडे पाहत बोलायला लागल्या, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तशा. “शिवण गेलं तर जाऊ दे. वाईट वाटेल, पण जाऊ दे. पुष्कळ शिवलं. खाली नाही जाता आलं तरी चालेल, तुम्ही आहात सामान आणायला, चुकीचं आणाल पण आणाल. कोणी भरवलं तर,” इथे त्या थांबल्या, “तेही एक वेळ चालेल. पण आंघोळीला आणि संडासाला दुसऱ्याचे हात लागायला लागले ना, तर नाही. तुमच्या आईचं मी चार वर्षं केलं. मला करण्याचं काही वाटलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडे मी पाहत होते. ते मला नाही पुरणार.”

“न करता बसलो, तर तिथेच जायचंय.”

“हो.”

“केलं आणि बिघडलं, तर तिथे उद्याच जाऊ.”

“हो.”

काकांनी शेवटचं बटण लावलं. “मग करू,” ते म्हणाले.

“नक्की?”

“नक्की नाही. पण करू.”

ते स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि ओट्याला धरून उभे राहिले. शूर वगैरे काही वाटलं नाही. आतून काकूंनी विचारलं, “बरे आहात ना?” तेव्हा त्यांनी हो म्हणून सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलगी आली होती. ती आणि काका एका लांब खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. समोर कॉफीचं यंत्र होतं. ते मधूनच स्वतःशी घरघर करायचं. मुलगी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगत होती. काकांना त्या सबंध दिवसात हजार वेळा वाटलं की उठावं, त्या दारावर धक्के मारावेत आणि म्हणावं, थांबा, मी अजून नीट बघितलेलं नाही. दर वेळी ते जागच्या जागी बसून राहिले. मुलीची झोप मोडेल, हेही एक कारण होतं.

दिवस कलायला आला तेव्हा सर्जन बाहेर आले. भुवयांच्या वर टोपीचा वळ पडलेला. “गाठ सगळी निघाली,” ते म्हणाले. “पुढचं आता नसा ठरवतील. त्यांना घाई नसते.”

नसांना खरोखरच घाई नव्हती. डावा हात महिन्याभरात परत आला, जवळजवळ पहिल्यासारखा. उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर राहिली. पाय आधी सुधारले, मग उजवा पाय जरा ओढत चालायला लागला, आणि घरात एक काठी आली. सुई परत हातात धरता आली नाही. पण काकू आंघोळ स्वतः करायच्या. बराच वेळ लागायचा, आत खुर्ची ठेवावी लागली, पण स्वतः करायच्या.

पुढच्या तपासणीला काकांनी सर्जनना विचारलं, “मग ही आठांतली की दोघांतली?”

सर्जननी हातातले कागद खाली ठेवले. “मधली,” ते म्हणाले. “मधल्यांना आम्ही आठांत धरतो.”

त्यानंतरचे दिवस काही गोड नव्हते. शिवणयंत्र खोलीत होतं, त्यावर झाकण होतं, आणि झाकणावर हळूहळू घडी केलेले कपडे साचायला लागले. काकू कधी त्या ढिगाकडे पाहायच्या आणि भडकायच्या. “तुम्ही म्हणालात म्हणून,” असं एकदा म्हणाल्या. काकांनी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायचा त्यांना सराव होता, पण हे वेगळं होतं, हे सरळ त्यांच्याच नावावर आलेलं होतं. त्यांना दुपारी फरशा धुताना वाटायचं, न करताही कदाचित आणखी काही वर्षं तिनं सुईत दोरा ओवला असता. कदाचित गाठ तिथेच झोपून राहिली असती. ती न घडलेली वर्षं कोणालाच दाखवता येत नाहीत. मॅडमच्या प्रयोगात निदान झाकण उघडून दुसऱ्या डब्यातही डोकावता यायचं.

मग एका संध्याकाळी, भाजी निवडताना, काकू आपण होऊन म्हणाल्या, “मी त्या दिवशी जे बोलले, ते खरं होतं आणि नव्हतंही.”

“असू दे.”

“असू दे काय? ऐका तरी. माझ्या हातून झालं असतं आणि असं अर्धवट झालं असतं, तर मी स्वतःला खाऊन टाकलं असतं. तुमच्यावर निदान चिडता येतं. मला एकदा तरी दुसऱ्या कोणाचं तरी चुकलेलं हवं होतं.”

“म्हणजे चुकलं?”

काकूंनी एक शेंग डाव्या हातानं मोडली. “मला नाही माहीत. तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“मग झालं तर.” त्यांनी भांडं काकांकडे सरकवलं. “या कडक शेंगा तुम्ही घ्या.”

मॅडमचा अभ्यास त्या वर्षी संपला. माकडांना दूरच्या एका मोकळ्या, झाडांच्या आवारात हलवलं. म्हाताऱ्या माकडिणीला प्रवास झेपेल की नाही, यावर बरीच चर्चा झाली. मॅडमनी काकांनाही विचारलं. काका म्हणाले, तिला इथे एकटी ठेवू नका, सगळ्यांबरोबर जाऊ दे. तिला पाठवलं. ती नीट पोचली, आणि तिथे दोन महिने जगली. काकांना फोनवर कळलं तेव्हा ते थोडा वेळ रिकाम्या आवारात जाऊन बसले. मग त्यांनी कड्या तपासल्या, पाइप गुंडाळून ठेवला आणि निवृत्तीच्या आधीची उरलेली रजा टाकली.

आता दोघं घरीच असतात. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि येतात. परवा परत आले तेव्हा लिफ्ट बंद होती. कधी सुरू होईल ते कोणालाच माहीत नव्हतं. दुरुस्तीवाला निघालाय, असं तळमजल्यावरची बाई म्हणाली, पण असं ती सकाळपासून म्हणत होती. दोघं चढायला लागले. काठी, पाय, कठडा. काठी, पाय, कठडा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकू पायरीवर बसल्या आणि काका त्यांच्या शेजारी. वरच्या कुठल्या तरी घरात कोणीतरी पियानोवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होतं आणि दर वेळी त्याच जागी अडत होतं. काकूंनी काकांच्या दंडाला डोकं टेकवलं. पिशवीत दूध होतं, हवा गरम होती, ते लवकर वर न्यायला हवं होतं. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.